उलटं विचारलं तर

प्रिय दीप्ती,

जय भीम, बाई. तुझ्या आईनं पाठवलेला जवसाच्या चटणीचा डबा पुण्याहून परत आला. कुरिअरवाल्यानं वर लिहिलं होतं, या नावाचं इथे कोणी राहत नाही. तू फोनवर म्हणालीस, वॉचमन नवा असेल. असेल. तेव्हा माझं डोकं दुसऱ्याच परत येणाऱ्या टपालात अडकलं होतं, म्हणून मी जास्त विचारलं नाही. आधी ते सांगतो, मग डब्याकडे येतो.

विहाराच्या अभ्यासिकेत मी जुन्या कॉम्प्युटरवर आपला स्वतःचा मेल सर्व्हर मांडला आहे, तो तू पाहिलाच आहेस. बुटीबोरीच्या गिरणीत इलेक्ट्रिशियन असताना वायरी शिकलो, आणि रिटायर झाल्यावर हे वाचून वाचून, चुकून चुकून शिकलो. अभ्यासिकेतली मुलं नोकरीचे अर्ज तिथूनच पाठवतात, अभ्यासिकेच्या नावानं. मागच्या महिन्यात आपण इंटरनेटची कंपनी बदलली आणि अर्ज परत येऊ लागले. गणपतरावांची मुलगी उत्तरा, तिचाही अर्ज परत आला, आणि त्याची शेवटची तारीख तोंडावर.

भानगड अशी होती. टपाल दारात आलं की पलीकडचा सर्व्हर आपला आयपीचा आकडा, म्हणजे इंटरनेटवरचा घर नंबर, बघतो आणि उलटं विचारतो, या आकड्यावर कोण राहतं? आपलं नाव विचारलं तर आकडा बरोबर निघे. आकड्याला विचारलं तर मात्र कंपनीचंच लांबलचक नाव निघे. राहतो आपण, आणि पत्ता सांगतो दुसऱ्याचं नाव. असं टपाल पलीकडचा आत घेत नाही. मी आपल्याच नोंदींमध्ये ती उलटी नोंद घालत बसलो. रोज बदलायचो, रोज तेच उत्तर. तुझी आई म्हणे, त्या कॉम्प्युटरच्या डब्यासमोर काहून बसून राहिले, तो काय जावई आहे? शेवटी कळलं की आकडा ज्याच्या मालकीचा, नाव लिहिणं त्याच्याच हातात.

मग सदर भागातल्या इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात गेलो. काउंटरवर सुशीलभाऊ म्हणून एक गृहस्थ. म्हणाले, काका, नेट चालू आहे नं? मग नाव काहून पाहिजे? फुकटचं मेल खातं घ्या अन् मोकळे व्हा. मी म्हटलं, भाऊ, आकडा तुमचा, पण राहून राहिलो आम्ही. कोणी विचारलं तर आमचं नाव सांगा, एवढंच म्हणणं आहे. ते म्हणाले, छोट्या ग्राहकाचं नाव टाकत नाही गा काका. मी म्हटलं, मग मोठा होईपर्यंत इथेच बसतो. आणि कूलरजवळच्या खुर्चीवर बसलो. दुसऱ्या दिवशी जेवण बांधूनच गेलो. परत आलेली चटणी होती, त्यांनाही वाढली. भाकरीनं चटणी पुसून खात म्हणाले, तुम्ही काही ऐकणारे नाही, आणि माझी मागणी वरच्या ऑफिसला पाठवून दिली.

नोंद झाली तरी एक दिवस जुनंच उत्तर येत राहिलं. वाटेतले सर्व्हर जुनं उत्तर लक्षात धरून ठेवतात, त्यांना विसरायला वेळ लागतो. मग एका सकाळी आकड्याला विचारलं, आणि त्यानं अभ्यासिकेचं पूर्ण नाव सांगितलं. गणपतरावांच्या मुलीचा अर्ज गेला, पोचल्याचं उत्तरही आलं. मला मात्र त्या घडीला तुझे आजोबा आठवले. उमरेडला कोणी आमचं घर दाखवताना माणसाचं नाव घेत नसे, नुसतं वस्तीचं नाव घेई. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी शाळेत जाणाऱ्या भावाकडून दारावर गेरूनं आपलं नाव आडनावासकट लिहून घेतलं. स्वतःला वाचता येत नव्हतं. पावसानं पुसलं की पुन्हा लिहून घ्यायचे.

आता डब्याचं. मी तुझ्या वॉचमनला फोन केला. भला माणूस आहे. म्हणाला, गजभिये कोणी नाही, वर एक दीप्ती आनंद राहतात, पण त्या वेगळ्या. मी त्याला काही सांगितलं नाही. ते सांगणं तुझं आहे. आडनाव ऐकताच किती घरमालकांनी फ्लॅट आत्ताच गेला म्हणून सांगितलं, हे सांगून तू आईजवळ रडलीस आणि बाबांना सांगू नको म्हणालीस, तेही मला ठाऊक आहे. माझंच नाव आडनावाच्या जागी लावलंस, त्यावर रागावू तरी कसा? पण बाई, त्या घरात तू राहतेस. हे पत्र पोचायलाच हवं होतं, म्हणून लिफाफ्यावर तुझ्या दारावरचं नाव लिहिलं. ते नाव पुन्हा लिहिणार नाही. मागून पार्सल येत आहे. त्यात चटणी आहे आणि तिच्याखाली पितळेची पाटी, दीप्ती आनंदराव गजभिये. भोकं पाडून दिली आहेत, स्क्रू सोबत बांधले आहेत. काही दिवस शेजारी जुनंच नाव घेतील, घेऊ दे. घरमालक कुरकुरला तर मला कळव, मी जेवण बांधून येतो आणि त्याच्या दारात बसतो. पार्सलवर तुझं पूर्ण नाव आहे. वॉचमननं विचारलं, गजभिये कोण, तर खाली जा आणि मी म्हण. परत आलं, तर तेच नाव लिहून पुन्हा पाठवीन.

तुझाच,
बाबा