बियाचं कलम

बाबा, तुम्ही विकलेल्या त्या फणसाला शेवटी फळ लागलं. तुम्ही गेल्याला अकरा वर्षं झाली, म्हणून सांगते. नाहीतर ही बातमी कानावर येताच तुम्ही गावभर स्वतःचं कौतुक करत हिंडला असता.

मी दहावीत होते. अकोल्याहून पातूरला जाताना लागणाऱ्या आपल्या नर्सरीत एक म्हातारं जोडपं आलं. काकांना अंगणातल्या झाडाचा फणस खायचा होता. बियाचं झाड दहा-बारा वर्षं थांबायला लावतं, कलम लवकर फळतं, एवढं त्यांना ठाऊक होतं, म्हणून कलमच हवं म्हणाले. फणसाचं कलम बांधणं कटकटीचं, चीक वाहतो, निम्म्या काड्या वाळून जातात. तुम्ही कुठली एवढी मेहनत घेणार! तुम्ही शेडमागे जाता, बियाच्या रोपाला चाकूने एक चीर पाडता, वरून कलमाला बांधतात तशी प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळता आणि साधूसारखा चेहरा करून बाहेर येता. "तीन वर्षांत फनस खासान, काका." मी "बाबा, हे तर..." एवढंच म्हणाले. ते गेल्यावर तुम्ही खेकसलात, "तुले कोनं इचारलं वं? गिऱ्हाइकापुढं तोंड काहून उघडतं?" आणि संध्याकाळी हातपाय धुऊन भजनाला पहिल्या रांगेत! मोझरीच्या आश्रमात जाऊन आलात की आठवडाभर आम्हाला खरं बोलण्यावर प्रवचन. तेव्हा मला तुमची भीती वाटायची, आता किळस येते.

नर्सरी आता मी चालवते. परवा तिथे त्या काकू आल्या, एकट्याच. पिशवीतून फणस काढून माझ्यापुढे ठेवला. "बाई, आमचे बुढे गेले वाट पायता पायता. पन उशिरानं का व्हयना, तुह्या बापाचं कलम अस्सल निंघालं बरं! पयला फनस तुमच्या घरीच द्याचा, असं ते सांगून गेले." ज्या माणसाने त्यांना फसवलं, त्याच्याच घरी पहिला फणस. "काकू, ते कलम नव्हतंच," हे अगदी ओठांवर आलं होतं माझ्या.

मी म्हणाले, "हो काकू, बाबांचा हातच चांगला होता." तुमची अब्रू राखायला तसं म्हणाले नाही, तेवढी तुमची लायकी नाही. हे पत्र खरं तर त्या काकूंच्या हाती द्यायला हवं, पण मी ते फाडून टाकणार आहे. नर्सरीच्या पाटीवर अजून तुमचंच नाव आहे बाबा, आणि गिऱ्हाईक त्याच नावाला येतं.