साहेबाले लेक केला

१२ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून रोजनिशी. मी सांगन, नातीनं लिहाचं. करिश्मा बारावी शिकली, मी अंगठा. तरी सांगणारी मीच, म्हणजे हुशार कोण ते दिसतेच.
सिमिटवाल्या कंपनीले आमची टेकडी पाहिजे. खाली चुन्याचा दगड हाय म्हणते. वरती मोहाचे माहे सात झाडं. सासूनं मले देले, तिले तिच्या सासूनं. एप्रिलात गावाची सभा. गावानं हो म्हटलं तं टेकडी गेली.
ठराव : सभेत मीच बोलीन. दुसऱ्या कोणाची गरज नाई. तसं साऱ्यायले सांगून ठेवलं.

१९ फेब्रुवारी
कंपनीचा साहेब आला, निकेश. सीएसआर खात्याचा. गावाचं भलं कराचं, एवढंच त्याचं काम. त्यासाठी वेगळा माणूस ठेवा लागते. बाकीच्यायले फुरसत नसन.
डोळ्याचा कॅम्प लावला. मी गेली. दुश्मनाचं घर आतून पाहाव. मोतीबिंदू निघाला तं निघाला.

२ मार्च
चंद्रपूरले ऑपरेशन झालं. निकेश दोनदा आला, संत्रं सोलून देलं. लहानपणीच त्याची माय गेली म्हणे. मले आयडिया आली.

३ मार्च
आयडिया अशी. निकेशले लेक मानाचं. मायचे झाडं कोणता लेक खोदन? करिश्मा म्हणे, आजी, साहेब लेक होईन, कंपनी कशी होईन? मी म्हणली, तू लिव्ह.

९ मार्च
झालं काम. देवापुढं बसवलं, टिळा लावला, दुपट्टा देला. साऱ्या गावाले जेवण. निकेश रडला. खरंच रडला. टेकडी वाचली.

२४ मार्च
मोहं गळून राह्यलं. निकेश वेचाले आला, अर्ध्या घंट्यात कंबर धरून बसला. शहरातलं लेकरू. मी विचारलं, बाबा, टेकडी वाचन नं? म्हणे, आई, मी वरती लिहून पाठवलं. वरती म्हणजे मुंबईले. मी निवांत.

१७ एप्रिल, दुपारी
सभा. भाषण तोंडपाठ. उठली, तं चैतूभाऊ, आमच्या गावचे म्होरके, म्हणाले, "सोमारीबाई, तुमी बाहेर बसा."
आमच्या गावची रीत हाय. ज्याच्या सोयऱ्याची गोष्ट निघन, त्यानं बाहेर बसाचं, तोंड उघडाचं नाई. या रितीनं मीच कितीकजण बाहेर काढले. आज म्हणली, निकेश मानलेला लेक हाय, पोटचा नाई.
"देवापुढं मानला नं? आमी जेवलो नं?"
बाहेर चिंचेखाली बसली. आत विरोधात कोणीच उठलं नाई. बोलाचं काम सोमारीबाईचं, असंच सारे धरून होते. टेकडी द्याले हात वरते झाले.
तरी घाबराचं काम नाई. लेक हाय.

२ मे
लेकाचा फोन बंद. करिश्मा ऑफिसात जाऊन आली. निकेशची बदली झाली, राजस्थानले. वरती लिहिलं म्हणून का आणखी कशानं, कोणी सांगत नाई. नोकरीत असं होतेच. परगावी गेला म्हणून लेक, लेक राहत नाई का?
त्याच्या जागी ज्योत्स्ना मॅडम आली. बोलाले गोड. इले लेक मानाव का, इचार करून राह्यली. करिश्मानं वही बंद केली होती, पुन्हा उघडाले लावली.

११ मे
सकाळी मशीन आल्या. सात झाडं जेवणाच्या वेळेपर्यंत संपले. चैतूभाऊ येऊन बाजूले बसले.
घरी आल्यावर करिश्माले सांगितलं. हे झाडं तिले देणार होती. लग्नात. आतापर्यंत तिले बोलली नव्हती, उगाच डोक्यावर चढून बसन म्हणून.
तिचा पेन थांबला. मी म्हणली, लिव्ह. मंग लिव्हलं.