रशीदभाईंची शिवलेली पुस्तकं

पेठ वडगाव, रविवार, १९७४

उचगावचं नवं वाचनालय बघून आलो. वाचनालय कसलं, रशीदभाईंच्या शिंपीकामाच्या दुकानातलं एक कपाट! त्यातलं एक पुस्तक धड नाही, सगळी दोऱ्यानं शिवलेली. मी टोमणा मारला तर हसून म्हणाले, "काय करायचं मास्तर, लोक वाचत्यात की! टिकतंय कुठं?"

जळलो, दुसरं काय. आमचं वाचनालय मी उभं केलं. तीन कपाटं, प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर, एकालाही दोरा लागलेला नाही. याचाच तर अभिमान होता ना मला?

संध्याकाळी कुलूप काढलं आणि वाचल्यासारखी दिसावीत म्हणून पानांचे कोपरे दुमडत बसलो. चौथ्या पुस्तकाला लक्षात आलं, ही मीसुद्धा वाचलेली नाहीत.