व्रतयोद्ध्याने आधी विचारायचं असतं

अम्मा, आज पाच वाजेपर्यंत मला घरी जाता येत नाही, म्हणून तिरुवैयारूला कावेरीच्या पायऱ्यांवर बसून तुला लिहितो आहे. तुझी धाकटी लेक चेन्नईहून आली आहे. तेवीस वर्षांनी ती आपल्या घरात पाऊल टाकते आहे आणि तिची एकच अट आहे, की मी तिथं नसावं. अप्पांना आता माणसं ओळखू येत नाहीत, पण रोज पान मांडलं की "पोरगी जेवली का?" असं विचारतात. मी "जेवली" म्हणतो. डॉक्टर म्हणाले, फार तर महिना. माझं डोकं चालत नाही, अम्मा. कुणाला सांगू, हे कळत नाही, आणि तुझ्यामागे आपल्या घरात माझ्याशिवाय मराठी अक्षर वाचणारं कुणी उरलं नाही.

गल्लीत केबल आली त्या वर्षी मामानं अमेरिकेतून एक जाड पुस्तक आणि नाना पैलूंचे फासे पाठवले होते. अप्पा म्हणाले, "हा कसला खेळ? ना पट, ना सोंगट्या." तू शाळेत गणित शिकवायचीस, तू दोन दिवसांत ते पुस्तक वाचून काढलंस. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, आणि जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. रविवारी दुपारी स्वयंपाकघराच्या फरशीवर तू दारात कोलम-रांगोळी घालायच्या पिठानं गुहा आणि रस्ते काढायचीस आणि चिंचोके म्हणजे गावकरी. मी सोळा वर्षांचा, देवाला वचन दिलेला पवित्र योद्धा झालो. त्याला तू 'व्रतयोद्धा' हे नाव दिलंस. धाकटी चेटकीण झाली. पात्राच्या कागदावर स्वभावाच्या रकान्यात तिनं खुशीत 'दुष्ट' असं लिहिलं, कारण दुष्टांना विषं करता येत होती.

तो रविवार मला अजून दिसतो. तू फरशीवर मांडी घालून बसली आहेस, बोटांना पीठ लागलंय. चेटकीण गावाच्या विहिरीशी उभी आहे, हातात पुडी. व्रतयोद्ध्याला दुष्टपणा ओळखण्याची शक्ती असते, मी ती वापरतो, फासा टाकतो आणि म्हणतो, "ही दुष्ट आहे. मी हिचं डोकं उडवतो." मी पुन्हा फासा टाकतो. वीस पडतात, सगळ्यात मोठं दान.

तू विचारतेस, "काय केलं तिनं?"

"दुष्ट आहे ती. पुस्तकातच लिहिलंय, आणि माझं व्रत आहे."

"व्रत कुणाचं?"

"माझं."

"मग ते तुला बांधतं. तिला नाही. ती कशी आहे ते मी विचारलं नाही, तिनं काय केलं ते विचारलं."

धाकटी रडायलाच लागते. "अण्णा, ती पुडी दरोडेखोरांच्या घोड्यांना झोपवायला होती. अम्माला मी आधीच कानात सांगितलं होतं."

तू निवाडा दिलास. माझ्या योद्ध्याचं तेज गेलं, आता तो साधा शिपाई. मी माझा कागद फाडला आणि दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर जाऊन बसलो. थोड्या वेळानं तू कॉफी घेऊन आलीस. "वाईट माणसाबरोबर एका वाटेनं चालणं, हेच त्या व्रतातलं कठीण काम," तू म्हणालीस. "त्यानं हात उगारला तर अडव. शस्त्र टाकलं तर ऐकून घे. मारायचं ते अगदी शेवटी, आणि तेही दुसऱ्याचा जीव वाचत असेल तरच." मी कॉफीला हात लावला नाही. मला वाटलं, तू तिची बाजू घेतेस.

तू गेल्यावर वर्षभरानं आम्ही दोघंही एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. तेव्हा गल्लोगल्ली तसे क्लास निघाले होते. धाकटीनं परीक्षेचा पेपर आदल्या दिवशी एका मुलीला दाखवला. ती मुलगी नापास झाली तर तिचे काका तिला शिक्षणातून काढून गावी नेऊन लग्न लावणार होते. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्या दिवशी मी सरळ मालकांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी सगळ्यांसमोर धाकटीला बाहेर काढलं, त्या मुलीलाही. मुलीचं लग्न महिन्यात झालं. धाकटी घरी आली, अप्पांच्या पाया पडली आणि संध्याकाळच्या गाडीनं गेली. मी स्वतःला खरा माणूस समजत राहिलो, अम्मा, कितीतरी वर्षं.

गेल्या आठवड्यात तिचा पत्ता शोधून चेन्नईला गेलो. तिनं लोखंडी दार उघडलंच नाही. केस पांढरे झालेत तिचे. जाळीतूनच म्हणाली, "अप्पांना बघायला येईन. तू नसशील त्या दिवशी." मी म्हणालो, "एकदा माझं ऐकून तरी घे." ती म्हणाली, "ऐकून घ्यायची तुझी पाळी होती, अण्णा," आणि आत गेली.

आता साडेतीन वाजलेत. ती अप्पांना भरवत असेल, कदाचित त्यांनी तिला ओळखलंही असेल, आणि मी इथं पायऱ्यांवर वेड्यासारखा बसलोय. सारखं वाटतं, धावत जावं आणि तिच्या पायांवर डोकं ठेवावं. पण तिचा शब्द मोडला तर ती अप्पांनाही पुन्हा भेटायची नाही. हा कागद मी पाण्यात सोडणार नाही, कुणाला दाखवणारही नाही. घडी करून खिशात ठेवीन.

एकच सांगायचं राहिलंय. तेवीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की तो पेपरचा प्रकार मी शोधून काढला. मी काही शोधलं नव्हतं, अम्मा. त्या सकाळी मी दाढी करत होतो आणि ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. "अण्णा, माझ्या हातून चूक झाली, मी काय करू?" तिनंच मला विचारलं होतं.