घुमक्याला घातलेली साद

सोमवार, ३ तारीख

माझं सगळं बदललं तो क्षण मला नेमका माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या गच्चीवर तिनं स्वतःच्या गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाली, तारेवर बघ, खंड्या बसलाय. खंड्या मला दिसलाच नाही. दुर्बिणीचा पट्टा तिच्या मानेच्या उबेनं अजून गरम होता, एवढंच कळलं. तेव्हापासून मला पक्ष्यांचा नाद लागला असं लोक समजतात.

आज त्या नादाची नोकरी झाली! तळ्याच्या राखीव क्षेत्रात हंगामभर पक्षी मोजायचे. आई म्हणाली, पाखरं मोजायला माणूस ठेवतात होय, मग ढग मोजायला कोण आहे? आईला अजून कॉलेज सुटल्याचा राग आहे. जिनं दुर्बीण गळ्यात घातली तिच्याबरोबर परदेशी पक्षी बघायला जाऊन आलेल्या त्या लांब लेन्सवाल्याचा कॅमेरा मी सहलीत पाण्यात भिरकावला, आणि प्राचार्यांनी बोलावायच्या आत स्वतःच गाशा गुंडाळला. डोक्यात राख घालून घेतली की मला दोन पायऱ्या पुढचं दिसत नाही, हे खरंच.

पण इथं छान आहे. फाटकाशी रखवालदारकाकांचं घर, त्याला लागून माझी खोली. खोलीत लोखंडी खाट, एक खुर्ची, उत्तरेला खिडकी. खिडकीत उभं राहिलं की तळं, आणि तळ्यात मधोमध पुरुषभर उंच बोरूच्या गवताचं बेट. फळ्यांच्या वाटेनं गेलं की बोरूला टेकून लपणघर आहे. लाकडी खोली, समोर डोळ्यांच्या उंचीवर आडवी फट. आतला माणूस पाखरांना दिसत नाही. मी हरखलोय.

मंगळवार, ४

सकाळी साडेसहा ते साडेआठ मोजणी. टिबुकल्या एकतीस, जांभळ्या पाणकोंबड्या चौदा, शेकाटे नऊ. कमळपक्षी चार, त्यातला एक पानावरून असा चालतो की जणू पायाखालचं पान सासरेबुवांनी दिलंय.

काका आणि त्यांची बायको, मावशी, यांचं भांडण झालेलं दिसतं. दोघं एकमेकांना हाक मारत नाहीत. जेवण झालं की मावशी पळीनं थाळी वाजवते, एकदा काकांसाठी, दोनदा माझ्यासाठी. मी एकदा वाटेवरून "आलो!" म्हणून ओरडलो, तर काका धावत आले आणि दटावून गेले की इथं तोंडानं हाक द्यायची नाही, शीळ घालायची नाही, मोबाईलवर पाखरांचे आवाज तर मुळीच लावायचे नाहीत. म्हटलं, माहीत आहे, विणीचा हंगाम आहे. काका म्हणाले, हंगामाचं काय घेऊन बसलास.

गुरुवार, ६

तिच्या यादीत चारशे बारा पक्षी आहेत. एक नाही. बोरूत लपणारा तो मोठा तपकिरी बगळा. त्याचा आवाज रिकाम्या माठात फुंकल्यासारखा, म्हणून आम्ही त्याला घुमक्या म्हणायचो. त्याच्यासाठी ती तीनदा परदेशात गेली. तिन्ही वेळा ऐकला, दिसला नाही.

इथल्या बोरूत घुमक्या असला तर? मी तिला तो दाखवला तर?

माझ्याकडे तिनंच पाठवलेला त्याचा आवाज आहे, तिकडच्या दलदलीत टिपलेला. वीस सेकंद घुमणं, आणि शेवटी तिचा दबका स्वर: "ऐकलंस का? इथंच आहे." पक्ष्याचा आवाज लावला की नराला वाटतं हद्दीत दुसरा शिरला, आणि तो भांडायला बाहेर येतो. भले लोक असं करत नाहीत. मीही कानाला खडा लावला होता.

आज लपणघरातून तीनदा लावला.

शुक्रवार, ७

उत्तर आलं! बोरूच्या पार आतून, माठात फुंकल्यासारखं. मी ते टिपून तिला पाठवलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच तिचा निरोप आला. रविवारी, सोळाला, येते. पक्ष्यासाठी येतेय, तुझ्यासाठी नाही, हेही लिहिलंय. चालेल. मला काय, उभं राहायला जागा हवी.

सोमवार, १०

आज घुमणं संपल्यावर बोरूतून आवाज आला, "ऐकलंस का? इथंच आहे."

मोबाईल खिशात होता. बंद होता.

प्रतिध्वनी असणार. पाणी, फळ्या, सकाळची हवा, काहीही होऊ शकतं. पण स्वर तिचाच होता, शेवटचा श्वाससुद्धा. चार महिने ज्या आवाजासाठी तडफडलो तो हाकेच्या अंतरावर होता. मी वेडा आहे, हे लिहून ठेवतो. मी तिचे जुने सगळे आवाजी निरोप फटीतून लावले. वाढदिवसाचा, भांडणाचा, परीक्षेच्या आदल्या दिवशी ज्यात ती पोट धरून हसली तो. चाळीसेक असतील. आणि मधे मधे मीही बोललो.

मंगळवार, ११

ते हसलं. तिचंच हसू, नाकातून निसटणारं.

मग म्हणालं, "रागावलास का रे? ये ना, इथंच आहे." हे वाक्य तिनं कधीच म्हटलेलं नाही. तुकडे तिचे आहेत. जोडलंय दुसऱ्या कुणीतरी.

तरी दुपारी परत गेलो. दोन तास बोलत बसलो. मन भरलं होतं. परत येताना लक्षात आलं की बोरूच्या या कडेला एकही पाखरू नाही. एकतीस टिबुकल्या होत्या. आज शून्य.

बुधवार, १२

काकांनी फळ्यांवर उभं राहून मला बोलताना ऐकलं. हाताला धरून घरात आणलं, खिडक्या लावल्या. मला वाटलं मारतील. ते खाली बसले.

त्यांचा धाकटा भाऊ इथं मोजणीला होता. तोही आवाज लावायचा, पाखरं पुढं यावीत म्हणून. आधी पाखरं आली. मग पाखरांसारखं काहीतरी आलं. एका दुपारी भर उन्हात वहिनीनं जेवायला हाक मारली म्हणून तो बोरूत उतरला. वहिनी म्हणजे मावशी तेव्हा बाजारात होती. कमरेइतकं पाणी, पण सापडला नाही. पुढं वर्षभर तोच बोरूतून भावाला हाका मारत होता. दोघांनी तोंड शिवून घेतलं तेव्हा कुठं ते गप्प झालं. ऐकायला मिळालं नाही की ते उपाशी राहतं, असं मावशी म्हणाली. एवढंच बोलली आणि भांडी घासायला गेली.

काका म्हणाले, एका माणसाचा आवाज पुरवून पुरवून वापरलान त्यानं. तू किती दिलेस?



शुक्रवार, १४

तिला गावातून फोन केला. येऊ नकोस म्हणालो. कारण विचारलं. काय सांगू? म्हणालो, पक्षी नाहीच, मी फसवलं. ती म्हणाली, आवाज मी चार जाणकारांना ऐकवलाय, अस्सल आहे. मग सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली,

"कॅमेरा फेकलास तेव्हाही तुझ्याकडे अशीच गोष्ट तयार होती."

तिनं फोन ठेवला. पुन्हा उचलत नाही. तिचं काय चुकलं? मी तिला चार वर्षांचं खोटं दोन वर्षांत ऐकवलंय. खरं बोलायची वेळ आली तेव्हा पत शून्य.

शनिवार, १५

आज ते माझ्या आवाजात बोललं.

सकाळी खिडकीशी उभा होतो. तळ्यातून मी म्हणालो, "इकडून ये. पाणी खोल नाही. घुमक्या दाखवतो." गोड बोललो. मला स्वतःला इतकं गोड कधी बोलता आलं नाही.

काकाही दारात येऊन उभे राहिले. माझ्याकडे बघितलं, माझं तोंड मिटलेलं होतं. त्यांनी नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. उद्या ते पहाटेपासून फाटक अडवणार. मी लपणघरातून बाकीचं तळं बघणार. तिला परत पाठवायचं. बस, एवढंच. तिनं मला जन्मभर तोंड दाखवू नये, पण परत जावं—

रविवार, १६, सकाळी ६.४०

लपणघरात. बोलायची सोय नाही, म्हणून लिहितोय. फाटकाशी काका दिसतात. वाट रिकामी.

पाण्यावर एकही पाखरू नाही.

६.५५

बोरू हलतोय. वारा नाही.

७.०५

ती आली. फाटकातून नाही. पूर्वेच्या बांधावरून. कसं सुचलं नाही मला. सकाळी पक्षी बघणारा उन्हाकडे तोंड करून येईल का? ऊन पाठीशी घेऊनच येणार. गाढव आहे मी, गाढव—

काका तिकडे बघतच नाहीयेत. मोबाईल तिनं नेहमीसारखा बंद केलेला असणार. लावला. बंद आहे.

७.०८

बोरूतून मी तिला हाक मारतोय. "इकडून ये."

ती थांबली. हात केला. हसतेय, एवढ्या लांबूनही कळतं—

बूट काढतेय.

ओरडलो तर दोन मी होतील. बोरूतला जवळचा आहे. ती जवळच्याकडे येईल. आणि हा गोड बोलतो.

बांधानं फिरून जायला पंधरा मिनिटं. बोरूतून शंभर पावलं.

७.०९

दाराबाहेर फळी वाजली. ती दाराबाहेर म्हणतेय, "आहेस का आत? रागावलास का रे?"

ती बांधावर आहे. मला दिसतेय. एक पाय पाण्यात.

"ये ना."

तोंड मिटून बोरूतून जायचं. तिला मी दिसलो पाहिजे. ऐकू नाही, दिसलो पाहिजे. तोंड न उघडणारा तोच मी, तेवढं तिला कळलं तरी—

"आहेस ना आत?"

नाहीये. निघालो. वही इथंच ठेवतो, दार ओढून घेतो—