पहिल्या तेलातलं लोखंड

कामोठे, ९ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून रिपोर्टसोबत पत्र. पावणे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये तुम्ही पाठवलेली तेलाची बाटली मी स्वतः तपासली. बोटीच्या तेलात लोखंड खूप आलंय, खरं आहे. पण इंजिन खोलू नका. धनेशने पिस्टनच्या नव्या रिंगा आणि सिलिंडरचे नवे लायनर बसवलेत. ते एकमेकांत बसेपर्यंत घासणारच, आणि ते लोखंड पहिल्या तेलात येणारच. शिसं-तांबं जास्त असतं तर बेअरिंग झिजतंय म्हणून मीच खोला म्हटलं असतं. ते अगदी कमी आहे. तेल बदला, इंजिन चालवा, दुसरी बाटली पाठवा. लोखंडाचं प्रमाण उतरतं का, तेच बघायचं. आणि भर जेट्टीवर धनेशला, माझ्या भावाला, बोलणं बंद करा, प्लीज.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.
तुमची नमिता

दिवाळे, २१ नोव्हेंबर

चि. नमितास बाबांचे अनेक आशीर्वाद.

तेल बदललं, दुसरी बाटली धनेशच्या हाती धाडली हाय. इंजिनाला काडीचा तरास दिला नाय. बोट बाहेर काढलीच नाय. सकाळी जेट्टीलाच हळू चालू ठेवतो, अगरबत्ती लावतो, बंद करतो. तरी धनेशच्या हातावर भरोसा बसत नाय. पयलंच इंजिन बांधलंय त्यानं. भर दर्यात बंद पडलं तर मानसं माझी जातील, तुझ्या लॅबची नाय. शनिवारी बाहेरचा मिस्त्री येतोय, खोलूनच बघतो. धनेश धड जेवत पन नाय. तुझी आई माझ्याशी बोलत नाय, ते वेगळंच.

तब्येत सांभाळ, शानपना जरा कमी कर.
तुझा बाबा देवजी

कामोठे, २२ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र धनेशच्याच हाती देतेय. सगळी कामं बाजूला ठेवून तुमची बाटली आधी लावली. लोखंड उतरलेलं नाही. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि कपाळावर हात मारला. बाबा, चूक धनेशची नाही, तुमच्या लाडाची आहे! नव्या इंजिनाला ओझं लागतं. त्याशिवाय रिंगा लायनरला दाबून बसत नाहीत, नुसत्या घासत राहतात. शिसं-तांबं आजही वाढलेलं नाही. उद्या मिस्त्रीला परत पाठवा. खोललंत तर जेवढं बसलंय तेवढंही जाईल. बर्फ भरा, जाळी चढवा, रेस कमी-जास्त करत किनाऱ्याजवळ फिरवा. सोबत दुसरी बोट घ्या. तरीही लोखंड उतरलं नाही, तर पाना घेऊन मीच येते.

आईला नमस्कार, तुम्हालाही, पण ऐकलंत तरच.
नमिता

दिवाळे, १ डिसेंबर

चि. नमितास अनेक आशीर्वाद.

मिस्त्रीला चहा पाजून परत धाडला. मंग तू सांगितलंस तशा दोन बोटी काढल्या. मी सुकानावर, धनेश इंजिनापाशी. रेस वाढवली तवा मी देवाचं नाव घेत होतो, खोटं कशाला बोलू. पयला जळत्या तेलाचा निळा धूर आला, दोन-तीन फेऱ्यांनी कमी झाला. रोज तसंच चालवलं. तिसरी बाटली सोबत हाय, सावकाश तपास. धनेश आज मानसं घेऊन दर्यात गेलाय. सुकान त्याच्या हाती देऊन मी घरी आलो. तुझ्या रिपोर्टाची वाट बघितली नाय.

असाच जीव लावत जा.
तुझा बाबा