चेहरे नसलेली फिल्म

९ नोव्हेंबर

फिल्म-स्पर्धेसाठी निवड झाली! तीन मिनिटं, स्वतः काढलेली चित्रं, बोलणं बंद — नव्या संशोधकांनी आपलं काम असं मांडायचं. सहा वर्षं धनगरांच्या मागे फिरले, त्याची तीन मिनिटं! बावीस तारखेला, इथेच लवळ्याच्या टेकडीवर, विद्यापीठात. खोलीमालक बापूसाहेब म्हणाले, "म्हंजी कार्टून काढाया एवढं शिकलीस व्हय?" हसले मीही. मनातून चिडलेच.

११ नोव्हेंबर

मुळशीला गेले. कैलासरावांचं भात कापून झालंय, खाचरात राजाबाई धनगरणीची मेंढरं बसलीत. शेताला लेंडीखत, यांना भात. मग घाट उतरून कोकण. दर वर्षीचं.

या वेळी तळावर एक माणूस जास्त आहे. रेश्मा — राजाबाईंच्या जुन्या मैत्रिणीची मुलगी. नवऱ्याने तापलेल्या उलथन्याने दंड भाजलाय. फलटणकडचं सासर सोडून पळून आली. माहेरी पहिल्यांदा शोधतील, म्हणून इथे. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. जीप वाजली की पालात जाते.

राजाबाई म्हणाल्या, "काढ की चित्रं. पर पोरीचं त्वांड नगं. ती हितं हाय हे कुणाला कळाया नगं." शब्द दिला.

१४ नोव्हेंबर

दिवसभर टॅबवर. एकालाही चेहरा नाही. नावं नाहीत. धरण गाळलं, डोंगर बदलले. रेश्मा पाठमोरी, चुलीपाशी, दंडावर पदर. नाव ठेवायला जागा नाही!

पण एवढं गाळल्यावर चित्र पाणचट झालं. मग सगळा जीव मेंढरांत ओतला. लोकर, खुरं, कान — फोटो शेजारी ठेवून, जसेच्या तसे.

२२ नोव्हेंबर

पहिला नंबर!!

परीक्षक म्हणाले, "चेहरा नाही, तरी माणूस दिसतो." माझ्या गाइड मॅडम, ज्या सहा वर्षांत एकदाही "छान" म्हणाल्या नाहीत, त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या — ओळख कशी लपवावी ते जुईलीकडून शिका. आयोजकांतल्या अमोघने विचारलं, नेटवर टाकू? म्हटलं, विचारतोस काय!

राजाबाईंना विचारायचं राहिलं. चेहरे नाहीतच, विचारायचं काय?

२३ नोव्हेंबर

बापूसाहेबांनीही पाहिली. "कार्टून बरं हाय," म्हणे.

२५ नोव्हेंबर

सकाळी राजाबाईंच्या मुलाचा, सिद्धूचा फोन. "ताई, त्यो पिच्चर आदी काडून टाका."

त्यांच्या समाजाच्या ग्रुपवर फिल्म पोचली. कुणीतरी कौतुकाने लिहिलं — ही तर राजाबाईची मेंढरं! डाव्या कानाला दोन काप, टोक उडवल्यालं. दुसऱ्याने लिहिलं, मग आत्ता मुळशीत असणार. आणि तिसऱ्याने — चुलीपाशी कोण? सिद्धूचं लगीन कवा झालं?

कानाचा काप ही घराची खूण. कळप एकमेकांत मिसळले की कान बघून मेंढरं निवडतात. भांडण झालं तर पंच कान बघूनच निवाडा देतात. मला माहीत नव्हतं का? माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्याच्यावरच आहे! कुणाचा काप कसा, आकृत्यांसकट! माणसांची तोंडं पुसली आणि कान मन लावून काढले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

अमोघने फिल्म लगेच काढली. पण शेकडो फोनमध्ये आहे, तिथून कोण काढणार? आत्ताच निघतेय मुळशीला.

२५ — परत आल्यावर

उशीर झाला.

नवरा आणि त्याचे दोन भाऊ. रेश्मा पाणी आणायला गेली होती, तिथूनच जीपमध्ये घातली. ओरडली नाही, म्हणतात. सिद्धू आडवा गेला, त्याचं कपाळ फोडलं. आम्ही चौकीत गेलो. "नवरा बायकोला घरी घेऊन गेला, यात तक्रार कसली?" मी इंग्रजीत भांडले. त्यांनी बसायला खुर्ची दिली. बाकी काही नाही.

राजाबाई चुलीपाशीच बसून होत्या. म्हणाल्या, "त्वांड न्हाई काडलंस. शबूद पाळलास."

टोमणाही नव्हता त्यात. शिवी घातली असती तर बरं झालं असतं. मी तिला धरून दिलं. मीच.

२८ नोव्हेंबर

आयोजकांचा मेल. फिल्म आणखी दोन ठिकाणी दाखवायची आहे. नाही म्हणून कळवलं. कारण विचारतात! प्रमाणपत्र उलटं करून ठेवलंय. जेवण जात नाही. तिचा दंड डोळ्यांपुढून हलत नाही, जो मी पदराखाली झाकला होता.

१ डिसेंबर

काही नाही. सिद्धू फोन उचलत नाही.

४ डिसेंबर

खाचर रिकामं. कैलासराव बांधावर उभे होते. म्हणाले, "परवा दुपारी आली की पोरगी! कशी सुटली कुणास ठावं. पाय ह्ये सुजल्यालं. राजाबाईनं तितल्या तितं समद्या मेंढरांचं कान कापलं, जुन्या खुणंवरनं नवं. हितं रगतच रगत. मंग पोरीला घिऊन गेली. कोकणात न्हाई, दुसऱ्याच वाटंनं. कुटं गेली, सांगू का तुमाला?"

"नको," म्हटलं. "मला तर नकोच."